हप्त्याच्या फोटोत पट्टी दिसू द्या

प्रति,
लातूर, धाराशिव, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतले सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गवंडी मिस्त्री मंडळी,

स.न.वि.वि.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. तुमच्यातले काही माझ्याच बाकावर बसून गेलेत, म्हणून जरा हक्काने लिहितो. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने घरकुलाचे काम दाखवायला बोलावले. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसले गाव एकच नाही. काम नीट चालले होते, विटा भिजवलेल्या, ओळंबा धरलेला. पण लिंटेल, म्हणजे दार-खिडकीच्या माथ्यावरची काँक्रीटची आडवी तुळई, होते ते दारावर तेवढे आणि खिडकीवर तेवढे, सुटे सुटे. भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवते ती, भिंतींवरून चहूबाजूंनी फिरणारी सळई-काँक्रीटची पट्टी कुठेच नव्हती. मिस्त्रीला विचारले तर तो करणी न थांबवता म्हणाला, "गुरुजी, हप्ता फोटोवर पडतो. फोटोत पट्टी कुणी मागत नाही."

खोटे नव्हते ते. जोत्याचा फोटो, लिंटेलचा फोटो, स्लॅबचा फोटो, की पुढचा हप्ता खात्यात. मी चहा पिऊन परत आलो. त्याला द्यायचे उत्तर तेव्हा सुचले नाही, ते आता या पत्रातून देतोय. मागणी एकच आहे. लिंटेलच्या पातळीवर काँक्रीट ओतण्याआधी सळयांचा एक फोटो काढा, चारी कोपरे दिसतील असा, आणि तो बघितल्याशिवाय पुढच्या हप्त्याची शिफारस करू नका. त्याला नवा जीआर लागत नाही, ग्रामसभेचा ठराव आणि तुमची इच्छा पुरे.

हे बोलले की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, "आपलं गाव भूकंपाच्या पट्ट्यात येत नाही." दुसरी, "व्हायचा तो एकदा होऊन गेला, आता शे-दोनशे वर्षं काळजी नाही." दोन्ही मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकल्या आहेत, शिक्षकांच्यासुद्धा.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून, गुलाल न धुता माणसे झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. मी तेव्हा निलंगा तालुक्यात नोकरीला होतो. आधी भांड्यांचा आवाज, मग जमिनीतून मोठा ट्रक येतोय असा घरघराट. आमच्या मागच्या खोलीची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून मी हे पत्र लिहायला आहे, आतल्या अंगाला पडली असती तर नसतो. उजाडल्यावर कळले की किल्लारी गेली, सास्तूर गेले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

तिथे मदतीला गेलो तेव्हा डोळ्यांत राहिले ते एक दृश्य तुम्हा मिस्त्री लोकांना सांगण्यासारखे आहे. कित्येक घरांचे लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. भिंती मात्र ढिगारा होऊन आत-बाहेर पडलेल्या. आणि गावाबाहेरच्या ज्या झोपड्यांना आपण गरिबाचे घर म्हणतो, त्या कुडाच्या, गवताच्या झोपड्यांमधली माणसे बाहेर येऊन इतरांना उकरत होती.

आता पहिला आक्षेप, पट्ट्याचा.

शाळेत मी वर्षानुवर्षे फळ्यावर जगाचा नकाशा काढून शिकवले की पृथ्वीचे कवच अखंड नाही, ते लहानमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे, हे भूपट्ट सरकतात आणि त्यांच्या कडांवर भूकंप होतात. जपान, चिली, हिमालय. मुले लिहून घ्यायची. महाराष्ट्र कडेपासून लांब, दख्खनचे पठार जुने, कठीण, स्थिर, हेही मीच शिकवले. १९६७ ला कोयनेला भूकंप झालेला असूनही शिकवले, कारण त्याला धरणाचे कारण देऊन आम्ही तो बाजूला ठेवला होता. आमची ती चूक मोठी होती.

आपला भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो. बोटांची नखे वाढतात त्याच्याहून थोडा जास्त. समोर आशिया उभा आहे, त्यामुळे हिमालयात तो अडतो. गाडीचे तोंड भिंतीला टेकले आणि मागून ढकलणे चालूच राहिले तर मागच्या फळीलाही दाब बसतो ना? तसा दाब हिमालयापासून हजारभर किलोमीटर मागे असलेल्या आपल्या जमिनीतही आहे. दिसत नाही, पण आहे. वरून आपल्याला काळी माती आणि काळा पाषाण दिसतो. हा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी भरली ३३८ मीटर. त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक, आणि त्यात जुन्या भेगा. वर घातलेल्या कोब्याखाली जुनी फरशी कुठे तडकलेली आहे हे कोबा बघून कळत नाही, तसेच हे.

म्हणून "आमच्या गावात भेग नाही" हे वाक्य कुणी बोलू नये. किल्लारीतली भेगही २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी नकाशावर नव्हती.

आणि भूकंपाच्या धोक्याचे झोन दाखवणारा सरकारी नकाशा? त्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९६७ पर्यंत कोयनेच्या भागाला विशेष धोका मानत नसत. ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा धक्का बसला, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, आणि १९७० च्या नकाशात तो भाग उचलून थेट चौथ्या झोनमध्ये टाकला. किल्लारी १९९३ पर्यंत पहिल्या झोनमध्ये होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या. ६.२ चा भूकंप झाला. मग २००२ च्या सुधारणेत लातूरचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला आणि पहिला झोन नकाशावरून पुसूनच टाकला. म्हणजे बघा, नकाशा तलाठ्यासारखा, पीक गेल्यावर पंचनाम्याला येतो. मी नकाशाची टिंगल करत नाही, इंजिनिअरला आकडेमोडीसाठी तो लागतोच. पण "आम्ही दुसऱ्या झोनमध्ये आहोत" हे पट्टी न घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

भेगांचे प्रकार तीन. मुलांना शिकवताना मी ते भाकरीवर शिकवायचो, तेच इथे सांगतो. वाळलेली ज्वारीची भाकरी मधून तिरकी मोडा आणि तुकडे ताटात जवळ ठेवा. दोन्हीकडून ओढले तर मध्ये फट पडते आणि तिरक्या कडेवरून एक तुकडा खाली घसरतो. हा ताणाचा प्रस्तरभंग. खचदऱ्या अशाच तयार होतात. इटलीत लाक्विला गावी ६ एप्रिल २००९ ला ६.३ चा भूकंप झाला तो या प्रकारचा. तिथेही जुन्या दगडी घरांनी घात केला, तीनशेच्या वर माणसे गेली. भाकरीचे तुकडे ओढण्याऐवजी एकमेकांवर रेटले तर एक तुकडा दुसऱ्यावर चढतो. हा दाबाचा, उलटा प्रस्तरभंग. किल्लारीचा भूकंप या जातीचा, २००१ चा भूजचा आणि २०१५ चा नेपाळचाही याच जातीचा. तिसऱ्या प्रकारात तुकडे वरखाली होत नाहीत, एकाला एक घासून आडवे सरकतात, अरुंद रस्त्यावर दोन एस.टी. समोरासमोरून एकमेकींना खेटून जातात तसे. कोयना त्या प्रकारातली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसे गेली ती याच प्रकारच्या भेगेवर.

पोरांना घेऊन किल्लारीच्या शिवारात गेलो होतो. जमिनीवर एक पायरी उठलेली, कुठे वीतभर, कुठे हातभर, मध्येच नाहीशी होऊन पुढे पुन्हा उठणारी. एका बाजूचे रान दुसऱ्या बाजूवर चढले होते. पाठ्यपुस्तकातली आकृती पायाखाली बघायला मिळणे हे भूगोलाच्या मास्तरचे भाग्य म्हणावे की काय, मला अजून ठरवता आलेले नाही. शेतकऱ्याला पेरायचे होते. हंगाम-दोन हंगामांत ती पायरी नांगराखाली मिटली.

तीन प्रकार सांगितले ते परीक्षेसाठी नाही. भिंतीला त्यातला कोणता हे कळत नाही. तिला कळतो तो धक्का, आणि तो किती जवळून आला ते. १९९७ साली जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, पण तो जमिनीत ३५ किलोमीटर खोल होता. चाळीसच्या आत माणसे दगावली. किल्लारीचा भूकंप त्याच्याहून थोडा मोठा होता, पण अगदी उथळ, दहा किलोमीटरच्याही आतला. वर पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरायला जागाच नव्हती.

दुसरा आक्षेप, "एकदा होऊन गेला."

किल्लारीची भेग मोकळी झाली हे खरे. पण तिच्या मोकळे होण्याने शेजारच्या भेगेवरचा भार कमी होतोच असे नाही, काही ठिकाणी तो वाढतो. घरातला एक खांब काढला की बाकीच्यांवर काय येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. कोयनेला १९६७ नंतर साठ वर्षे होत आली, तिथली जमीन अजून हलतेच आहे. आणि हिंगोली घ्या. मार्च २०२४ मध्ये कळमनुरी भागात ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. जुलैत पुन्हा तेवढाच. वसमत-औंढ्याकडची माणसे जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल कितीतरी वर्षे सांगत आली आहेत, वर्तमानपत्रे त्याला 'गूढ आवाज' म्हणतात. यात गूढ असे काही नाही. लहान खडक मोडतो, त्याचा आवाज आहे तो.

४.५ म्हणजे ६.२ च्या पाऊणपट असे समजू नका. एक आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. लहान धक्के बसले म्हणजे मोठ्याचा दाब निघून गेला, हे म्हणूनच पटत नाही. किल्लारीलाही १९९२ मध्ये लहान धक्के बसले होते. माणसे काही दिवस अंगणात झोपली आणि मग घरात गेली. त्यांचे काय चुकले? पाऊस होता, लेकरे होती, वर्षभर कोण अंगणात झोपणार?

मोठा भूकंप कधी येणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर 'आज रात्री बारा ते तीन' असा मेसेज फिरला तर तो पाठवणाऱ्याला गावच्या पारावर बोलावून विचारा, बारालाच का? (आमच्या गावात एकदा अशा मेसेजवर लग्नाची वरात लवकर आटोपली होती. नवरदेव अजून बोलतो.)

आता भिंतीकडे येतो. हा तुमचा प्रांत, तरी थोडा हिशेब मांडू द्या.

माळवदाचे घर किती गार असते हे मी जाणतो, माझे बालपण त्यात गेले. पण त्याच्या डोक्यावर काय असते? दर दोन-चार वर्षांनी गळतंय म्हणून पांढरीच्या मातीचा नवा थर. जुना कुणी काढत नाही. थर साचत साचत हात-दीड हात होतो. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दीड फूट माती म्हणजे सव्वाचार घनमीटर. कोरडी असली तरी सात टन. पावसाळ्यात त्याहून जास्त. शांत जमिनीवर हे वजन सरळ खाली जाते, भिंती ते पेलतात. भूकंपात जमीन आडवी सरकते. एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभा माणूस पुढे फेकला जातो, तसे छप्पर फेकले जाऊ पाहते. समजा, जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. मग त्या एका खोलीच्या माथ्यावर जवळजवळ दीड टनाचा आडवा रेटा येतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. माती काढून वर पत्रा घातला तर रेटा नाममात्र उरतो. झोपड्यांतली माणसे का वाचली ते यात आले.

आणि तो रेटा घेणारी भिंत कशी? दोन फूट, अडीच फूट जाड, बघायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसतेच. आतल्या तोंडाचा एक थर, बाहेरच्या तोंडाचा एक थर, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड, ज्याला तुम्ही हेडर म्हणता, तो घालायला कंटाळा केला की भिंत हलल्याबरोबर दोन तोंडे दोन दिशांना फुगतात आणि मधली भर खाली बसून त्यांना आणखी फाकवते. जाडी वाढवली म्हणजे भिंत मजबूत झाली, हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडलेला समज आहे. मानक ब्यूरोचे दगडी बांधकामासाठी भूकंपाचे मार्गदर्शक आहे, आयएस १३८२८. त्यात जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नका असेच सांगितलेले आहे, आणि हेडर उंचीत दर दोन फुटांना, लांबीत दर चार फुटांना. १९९३ नंतरच्या पुनर्वसनात आपल्याच गवंड्यांना हे शिकवले गेले होते. भिंतीत भोक पाडून काँक्रीटचा हेडर कसा भरायचा, माळवदावरची जादा माती कशी उतरवायची, कोपरे कसे बांधायचे. ते शिकलेले मिस्त्री आता साठी-सत्तरीला आले. त्यांची पोरे पुण्याला टाइल्स बसवतात. विद्या एका पिढीत संपायला आली आहे.

तुम्ही म्हणाल, आता माळवद कोण बांधतो? बरोबर, घरकुल विटेचे किंवा ब्लॉकचे असते. पण पट्टीची गरज तिथेही तेवढीच. चार भिंती म्हणजे चार सुटी पाने, धक्का बसला की कोपऱ्यात उघडतात. पट्टी म्हणजे पिंपाला बाहेरून असतो तो लोखंडी पट्टा. त्याची दोन टोके जोडली नाहीत तर त्याचा उपयोग शून्य. दारावर लिंटेल घातले आणि पुढे भिंतीवर थांबवले, तर तो पट्टा अर्ध्यात तोडल्यासारखे झाले. कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत दीड-दोन फूट न्यायची, तिथेच बांधायची. दार-खिडक्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवायच्या.

खर्चाचा हिशेब मी वहीत करून पाहिला. १५ फूट बाय १८ फुटांचे घर, मध्ये एक भिंत. सगळ्या भिंतींची लांबी ८१ फूट. नऊ इंच रुंद, तीन इंच जाड पट्टी, त्यात ८ मिलिमीटरच्या दोन सळया सलग, आणि दर सहा इंचाला ६ मिलिमीटरची आडवी कडी. सळया २० किलोच्या आत, कड्या सातेक किलो, जोडाला थोडे जास्त धरा. ३० किलो लोखंड. काँक्रीट १५ घनफूट, म्हणजे तीन-साडेतीन पोती सिमेंट. यातले दार-खिडक्यांवरचे लिंटेल तुम्ही घालणारच होता, ते वजा करा. आजच्या भावाने बेरीज तुम्हीच करा आणि समोर ठेवा ती रक्कम, जी घरकुलवाला वास्तुशांतीच्या मांडवावर खर्च करतो. मी वास्तुशांतीच्या विरोधात नाही. जेवायला मीही जातो.

तालुक्याच्या गावांतल्या नव्या इमारतींबद्दल थोडक्यात. खाली दुकानांसाठी किंवा गाड्यांसाठी सगळे मोकळे, वर दोन मजले भिंतींनी भरलेले, आणि सगळा भार नऊ इंची कॉलमवर. जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या होत्या. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, उभ्या सळयांभोवती बांधायच्या रिंगा जवळ जवळ हव्यात, चार इंचांवर. आणि रिंगेची टोके नुसती काटकोनात वाकवून चालत नाहीत, ती आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली हवीत, १३५ अंशांत. काटकोनातली टोके धक्क्यात उघडतात आणि रिंग असून नसल्यासारखी होते. बार बेंडिंग करणाऱ्या पोराला दोन मिनिटे जास्त लागतात. त्याचा ठेका किलोवर असतो, मिनिटांवर नसतो, म्हणून तो वळवत नाही. ठेकेदारांनी यावर विचार करावा.

सरपंच मंडळी, नव्या वसाहतींतल्या वाढीव खोल्यांकडेही एकदा फिरून या. भूकंपानंतर मिळालेली घरे पट्ट्या-बिट्ट्या घालून बांधलेली. त्याला चिकटून पुढच्या तीस वर्षांत कुटुंब वाढले तशा खोल्या जोडल्या, कुठे जुन्या गावातून ट्रॉलीने आणलेले तेच दगड, चिखलात रचलेले. मूळ घर उभे राहील आणि सून-मुलगा झोपतात ती खोली बसेल, अशी अवस्था मी स्वतः पाहिली आहे. पाडा म्हणत नाही. निदान वरचे ओझे हलके करा आणि कोपरे बांधून घ्या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. घरकुलाच्या यादीचा गोंधळ संपल्यावर, जेवणाआधी, दहा मिनिटे. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो. चार ओळींचा आहे. बोलावणार असाल तर माझ्याकडे दोन रिंगा आहेत, एक काटकोनात वाकवलेली, एक १३५ अंशांत. दोन्ही कॉलमच्या सळयांना बांधून आणतो. पहिली कुणीही हाताने उघडून दाखवावी. दुसरी उघडायला गावातला सगळ्यात दांडगा पैलवान पाठवा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
औसा तालुका